वाकळवालीचं ऑनलाइन दुकान

महादेवीबाई सोळा वर्षं माझ्या घरासमोर बसत होत्या, तरी त्यांचं माहेर कुठलं हे मला माहीत नाही. त्यांच्या नवऱ्याचं नाव मला कळलं ते आधार कार्डावरून. भूकंपात त्यांच्या घरची दोन माणसं गेली एवढं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. एक नवरा, आणि दुसरं मूल होतं. मुलगा की मुलगी, केवढं होतं, हे मी कधी विचारलं नाही. त्यांना साखरेचा चहा चालत नसे, गूळच लागे, आणि शिवताना त्या सुई ओठांत धरत. एवढ्या माहितीवर एखाद्या माणसाविषयी लिहावं का, याची मला शंकाच आहे. पण त्या वर्षी जे झालं त्यातला बराच भाग माझ्या हातून झाला, आणि तो दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. म्हणून लिहितो. लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी पाटबंधारे खात्यात भांडारपाल होतो. गोदाम सांभाळायचं, आलेला माल मोजून घ्यायचा, दिलेला माल लिहून ठेवायचा. बावीस वर्षं नांदेडला, बाकीची लातूरला. लातुरात घर बांधलं तेव्हा आमच्या गल्लीपुढे ज्वारीचं रान होतं. पाहता पाहता तिथं शिकवण्यांच्या इमारती उठल्या. मग वसतिगृहं, मग खानावळी, झेरॉक्सची दुकानं, आणि प्रत्येक भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. मीही वरच्या दोन खोल्या मुलांना दिल्या. डॉक्टर व्हायला आलेली मुलं. भोकर, जळकोट, देगलूर, कुठून कुठून येत.

महादेवीबाई आल्या २००४ साली. समोरच्या इमारतीत खाली एक गाळा होता, दहा बाय आठचा, मागे झोपायला एक खोली. तिथं त्या वाकळा शिवत, जुन्या कापडाच्या गोधड्या. आता वाकळ कुणी कुठंही शिवतं, पण यांनी एक गोष्ट ओळखली होती. जूनमध्ये आईबाप पोराला ट्रंकेसह घेऊन येतात. खोलीत सोडतात आणि आई तिथून हलत नाही. महादेवीबाई त्या आईला हाक मारून म्हणायच्या, "बाई, दोन जुनी लुगडी धाडून द्या घरून. आठ दिवसांत वाकळ करून देते लेकराला." आतून बापाचं धोतर, वरून आईची लुगडी. पोरगं दोन वर्षं आईच्या लुगड्याखाली झोपायचं. ही गोष्ट एकीने दुसरीला सांगितली आणि जून-जुलैत गाळ्यात गाठोड्यांचा ढीग लागू लागला. प्रत्येक गाठोड्याला चिठ्ठी, मुलाचं नाव, वसतिगृहाचं नाव. कावेरीबाई आणि आणखी दोघी हाताखाली. शिरूर अनंतपाळचा एक मुलगा डॉक्टर झाल्यावर पेढे घेऊन आला तो आधी गाळ्यावर गेला, मग शिकवणीच्या सरांकडे. यावरून गल्लीत बरेच दिवस चेष्टा चालली होती.

त्यांचे दीर शंकरप्पा पुनर्वसनाच्या गावात राहत. माणूस वाईट नव्हता. सणाला यायचे, पिशवीभर हरभरा आणायचे, आणि जाताना दर वेळी म्हणायचे, "वहिनी, घर हाय, भाकरी हाय. गावाकडं चला की." महादेवीबाई नुसत्या हसायच्या. एकदा ते गेल्यावर मी म्हणालो, "एवढं म्हणतात तर जाऊन या महिनाभर."

"न्हाई अप्पा," त्या म्हणाल्या. "तिथं गेलं की मी भूकंपातली होते. कुणी पाहुणा आला की दाखवतेत, ही बघा ती, हिचं असं झालं. पोरंसोरं बी तसंच म्हणतेत. इथं मला वाकळवाली म्हणतेत. मला हेच बरं हाय."

ही गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. पुढचं सगळं समजायला तेवढी पुरे आहे.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि चार दिवसांत गल्ली रिकामी झाली. बाप मोटरसायकली घेऊन आले आणि पोरांना मागे बसवून घेऊन गेले. ट्रंका तशाच राहिल्या. भिंतीवरची डॉक्टर झालेली मुलं तेवढी उरली. मे गेला, जून आला, एकही आई आली नाही. शिकवण्या फोनवर सुरू झाल्या. मुलं आपापल्या घरी, आपापल्या आईजवळ होती. त्यांना वाकळ कशाला लागेल?

जूनच्या शेवटी शंकरप्पांचा फोन आला. आता तिथं बसून काय करायलाव, असं ते म्हणाले असावेत. महादेवीबाई गाळ्याच्या पायरीवर उभं राहून बोलत होत्या, म्हणून मला ऐकू आलं. "दिवाळीपर्यंत बघते," त्या म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत धंदा उभा न्हाई राहिला तर येते. शबुद देते." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अप्पा, फोनवर दुकान टाकतेत म्हणं. आपल्याला जमंल का?"

"आपल्याला" असं त्या म्हणाल्या. मी आयुष्यात कधी कुठला निर्णय घेतलेला माणूस नाही. वरून आदेश यायचा, मी माल द्यायचो. पण त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी म्हणालो, "विचारतो."

माझी मुलगी मालविका पुण्यात सॉफ्टवेअरच्या कामात आहे. तेव्हा ती घरूनच काम करत होती, तिचा लहान मुलगा मांडीवर असायचा. मी फोन केला. तिने नीट समजावून सांगितलं. म्हणाली, तीन रस्ते आहेत. एक, मोठ्या ऑनलाइन बाजारात आपला माल लावायचा. तिथं गिऱ्हाईक आयतं असतं, पण नियम त्यांचे. दुसरा, स्वतःची वेबसाइट. दुकानाचा तयार सांगाडा महिन्याच्या भाड्याने मिळतो, त्यात आपल्याला हवे तसे रकाने करता येतात. पैसे घ्यायची सोय वेगळी जोडायची, कुरियर वेगळा जोडायचा, आणि गिऱ्हाईक आपण आणायचं. तिसरा, नुसता व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायचा आणि ओळखीपाळखीतून चालवायचं.

मग तिने विचारलं, "बाबा, आधी हे सांगा, त्या विकतात काय?"

"वाकळ," मी म्हणालो. "अजून काय?"

"तसं नाही. नीट विचार करून सांगा. कापड गिऱ्हाइकाचं ना? मग त्या वाकळ विकतात की शिवण विकतात? त्यावर सगळं ठरतं."

मला तो प्रश्न पोरकट वाटला. मागे तिचा मुलगा रडायला लागला, तिची मीटिंग होती. "तुम्ही ठरवा, मग रविवारी करू," असं म्हणून तिने फोन ठेवला. तिला पुन्हा त्रास द्यायचा मला संकोच वाटला. स्वतःच्या मुलीशी बोलताना संकोच कसला, असं कुणी म्हणेल. पण तसं झालं.

गल्लीच्या तोंडाशी व्यंकटीचं ऑनलाइन सेंटर होतं. परीक्षांचे अर्ज, जातीचे दाखले, रेल्वेची तिकिटं असली कामं तो करी. त्याच्याही सेंटरला तेव्हा काम नव्हतं. मी हे सगळं गाळ्यापुढे महादेवीबाईंना सांगत होतो, तेव्हा मास्क हनुवटीवर ठेवून तो ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "अप्पा, ताई पुण्याच्या आहेत, त्यांचं बरोबर असेल. पण मला सांगा, गंजगोलाईच्या बाजारात गर्दी असते का तुमच्या अंगणात? जिथं गर्दी तिथं दुकान टाकावं. वेबसाइट म्हणजे रानात दुकान. मोठ्या बाजारात टाकू. जीएसटी नंबर मी काढून देतो, फोटो मी काढतो. पंधरा दिवसांत देशभर वाकळ!"

महादेवीबाईंनी सुई ओठांतून काढली. "गिऱ्हाइकाचं लुगडं कसं येईल रे?"

"ते बघू की मावशी. आधी शटर तर वर करू."

"लुगडं न्हाई आलं तर शिवू काय? तुझं डोस्कं?"

कावेरीबाई खदखदून हसल्या. व्यंकटीही हसला. "मावशी, जुन्या साड्या किलोवर मिळतात. आणू गाठभर. शंभर वाकळा शिवून ठेवा, माल तयार."

महादेवीबाई हसायच्या थांबल्या. "भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात होतो," त्या म्हणाल्या, "तवा ट्रकानं कापडं यायची. ढिगातून वढायची. कुणाचं हाय, जितं हाय का मेलेलं, काय ठावं? त्याच्याच वाकळा शिवल्या सगळ्या बायांनी. थंडी जायची, झोप काई येत नव्हती. परक्याच्या कापडाची वाकळ मी शिवत न्हाई."

भूकंपानंतर खात्याने मला नांदेडहून तिकडे धाडलं होतं, आणि तिथल्याच एका तात्पुरत्या गोदामात मी कपड्यांच्या गाठी मोजायच्या कामावर होतो. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही.

"मग कसं करायचं अप्पा?" त्यांनी मला विचारलं. "तुम्ही रजिस्टरं लिहिलेली माणसं. तुम्ही सांगाल तसं."

मी व्यंकटीचा रस्ता धरला. खरं कारण सांगतो. व्यंकटी समोर उभा होता आणि त्याला उत्तरं माहीत होती. मालविकाकडे प्रश्न होते. मला प्रश्नांची भीती वाटली.

जुलैत पुन्हा कडक बंद लागला. तरी व्यंकटीने पळापळ करून जीएसटीचा नंबर काढला, बँक खातं जोडलं. गाळ्यात दोन वाकळा होत्या, दोन मुलांच्या, न्यायच्या राहिलेल्या. त्यांच्या आयांना फोन करून परवानगी विचारली आणि पायरीवर उन्हात पसरून फोटो काढले. मग त्याचा सासरा भोकरला आजारी पडला आणि तो तिकडे गेला. जिल्ह्याबाहेर जायला तेव्हा पास लागायचा. गेला तो अडकला. जाताना म्हणाला, "अप्पा, एकच पान भरायचं राहिलंय. मालाची माहिती. तुम्ही भरा, तुमच्या हातचंच काम हाय."

ते पान मी भरलं. माझ्या हातचंच काम होतं. लांबी-रुंदी मागितली होती. महादेवीबाई हाताने मापत, पाच हात बाय साडेतीन हात. मी टेप घेऊन त्यांच्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मापलं आणि त्याचे सेंटिमीटर केले. कापड कुठलं, सुती. रंग कुठला, तिथं मी "अनेक" लिहिलं. पाठवायला लागणारे दिवस, त्यात तीनच्या पुढे आकडा घेईना. तीन लिहिले. शेवटी रकाना होता, शिल्लक साठा.

मी महादेवीबाईंना विचारलं, "आत्ता विकायला किती आहेत?"

"एक बी न्हाई. या दोन तर पोरांच्या हायत. लुगडं आलं की शिवायची."

मी शून्य लिहिलं. चौतीस वर्षं मी गोदामं सांभाळली. जे गोदामात नाही ते नोंदवहीत दाखवणारा माणूस मी कामावरून गेलेला पाहिला आहे. दुसरा आकडा माझ्या मनातही आला नाही. उलट स्वच्छ काम झालं असं वाटलं. "लागलं दुकान," मी म्हणालो. कावेरीबाईंनी गाळ्यात गूळ वाटला.

त्यानंतर एकेचाळीस दिवस. रोज सकाळी मी फोन उघडून ऑर्डरीचं पान बघायचो. तिथं शून्य. पायरीवरून त्या विचारायच्या, "आलं का काई?"

"नाही अजून."

पहिल्या आठवड्यात त्या म्हणायच्या, "येईल की. लोकाला कळाय पायजे." दुसऱ्या आठवड्यात नुसतं "हं." मग विचारायचंच बंद केलं. मी दार उघडलं की माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि परत हातातलं काम करायच्या. काम तरी काय, जुन्याच वाकळेचे टाके उसवायचे आणि पुन्हा घालायचे. बोटांची सवय जाऊ नये म्हणून, असं म्हणायच्या. हाताखालच्या दोघी सोयाबीनच्या खुरपणीला लागल्या. त्या गेल्या तरी कावेरीबाई रोज येत, दोन तास बसत आणि जात. मी मध्यंतरी महादेवीबाईंच्या फोनवरून ते दुकान शोधून बघावं असं कधीच मनात आणलं नाही. लोकांना वाकळ नको आहे, असंच मला वाटत राहिलं. आणि त्यांनाही तसंच वाटलं. हे जास्त वाईट झालं.

एके दिवशी त्या म्हणाल्या, "अप्पा, मला वाटायचं माझ्या हातात काई तरी हाय. तसं काई नव्हतं. गल्लीत पोरं होती म्हणून चाललं."

मी फोन खिशात घातला. बोलायला हवं होतं.

सप्टेंबरात पासाची अट उठली आणि व्यंकटी परत आला. आल्या आल्या त्याने आपल्या फोनवर दुकान शोधलं. बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोनकडे बघितलं.

"अप्पा, साठ्यात काय टाकलाव तुम्ही?"

"शून्य. तेवढाच होता."

"अहो, शून्य टाकल्यावर बाजार म्हणतो, सध्या उपलब्ध नाही! एवढे दिवस आपण दुकानाला कुलूप लावून बाहेर बसलाव!" त्याचा आवाज चढला होता. मग त्याने महादेवीबाईंकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "माझीच चुकी हाय. मी सांगून जायला पायजे होतं."

महादेवीबाईंनी मला काही म्हटलं नाही. "खोटं कसं लिहावं त्यांनी?" एवढंच व्यंकटीला म्हणाल्या. त्यांनी चिडायला पाहिजे होतं. मला ते सोपं गेलं असतं.

व्यंकटीने साठा दहा केला. पाचव्या दिवशी ऑर्डर आली, नागपूरहून. दुसऱ्या दिवशी आणखी एक, ठाण्याहून. महादेवीबाई गाळ्यातून धावतच बाहेर आल्या. "लुगडी कधी धाडणार?" त्यांनी विचारलं.

व्यंकटीने डोकं खाजवलं. मग मला कळलं की मालविकाने काय विचारलं होतं. त्या बाजारात लुगडं धाडायचा रकानाच नव्हता. गिऱ्हाइकाचा फोन नंबरही आम्हाला दिसत नव्हता. तिथं तयार वाकळ विकत मिळत होती, आणि तीन दिवसांत ती पाठवायची होती. नाही पाठवली तर ऑर्डर रद्द आणि दुकानाला ठपका.

"रद्द करू मावशी?" व्यंकटी म्हणाला.

त्या आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात चार लुगडी होती. एक हिरवं इरकल होतं, काठ अजून घट्ट होता. त्यांची स्वतःची. "परक्याचं शिवत न्हाई म्हणलं होतं," त्या म्हणाल्या, "हे माझं हाय."

कावेरीबाई म्हणाल्या, "अगं, हे तर तू सणाला नेसतीस."

"सण कुठं हाय औंदा?"

दोघी दोन दिवस बसल्या, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. मी पायरीवर बसून सुयांत दोरा ओवून देत होतो. एवढं मला जमत होतं. तिसऱ्या दिवशी दोन्ही वाकळा गेल्या. त्या दिवशी महादेवीबाईंनी माझ्याकडे गुळाचा चहा मागितला आणि दोन कप प्यायल्या. दिवाळीला जवळजवळ दोन महिने होते.

बाराव्या दिवशी नागपूरची वाकळ परत आली. सोबत कारण होतं, इंग्रजीत. महादेवीबाई म्हणाल्या, "वाचा." मी आधी मनात वाचलं. मग व्यंकटीकडे बघितलं, तर तो रस्त्याकडे बघत होता. शेवटी वाचून दाखवलं. गिऱ्हाइकाने लिहिलं होतं की नवीन म्हणून जुन्या वापरलेल्या कपड्याची वस्तू पाठवली आहे. काठाजवळ विटलेला भाग होता त्याचा फोटो जोडला होता. संध्याकाळी बाजाराकडून दुसरा निरोप आला. वापरलेला माल नवा म्हणून विकल्याबद्दल दुकान बंद करण्यात येत आहे.

मी म्हणालो, "त्यांना कळलं नाही. वाकळ म्हणजे काय, हे त्यांना..."

"वापरलेलंच हाय की," महादेवीबाई मला थांबवून म्हणाल्या. वाकळ त्यांच्या मांडीवर होती. "न वापरलेल्या लुगड्याची वाकळ कोण करतंय? तेनी काई चुकीचं लिवलं न्हाई, अप्पा. आपणच चुकीच्या दारात जाऊन बसलाव."

ठाण्याच्या वाकळेचं पुढे काही कळलं नाही. परत आली नाही, एवढंच.

त्या रात्री मी मालविकाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिने साठ्याचा आकडा दोनदा विचारून घेतला. शेवटी म्हणाली, "बाबा, एकदा फोन करायचा होता." मग तिने स्वतः काम हातात घेतलं. दर शनिवार-रविवार बसून वेबसाइट केली. त्या पानावर पहिलाच प्रश्न होता, "वाकळ कुणाच्या कपड्यांची हवी?" त्याखाली कपडे पाठवायचा पत्ता, वाकळ कुणासाठी आहे ते लिहायला जागा, आणि आठ दिवसांची मुदत. मी महादेवीबाईंना ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न पुन्हा वाचायला लावला. "पोरीनं माझं काम बघितलं न्हाई तरी बरोबर लिवलंय," म्हणाल्या.

पण पैसे घ्यायची सोय अडली. मोठ्या बाजारात चाललेले कागद इथं चालेनात. आधारवर त्यांच्या नावापुढे नवऱ्याचं नाव होतं, बँकेत वडिलांचं. कागद तीनदा परत आले. बँकेत एका वेळी पाचच माणसं आत घेत, आम्ही दोघं उन्हात चुन्याच्या गोलात उभे राहायचो. एकदा त्या म्हणाल्या, "शेडात असताना अशाच रांगा असायच्या." पुढे काही सांगतील म्हणून मी थांबलो. रांग पुढे सरकली आणि ते राहून गेलं.

दसऱ्याला वेबसाइट उघडली. दिवाळीला वीस दिवस होते. आठ दिवसांनी मी मालविकाला विचारलं, "कुणी बघितलं का?"

"नऊ जणांनी."

"नऊ!" मला आनंद झाला.

"बाबा, त्यात सहा वेळा तुम्हीच आहात."

व्यंकटीचं रानातलं दुकान ते हेच. लोकांना कळायला वेळ लागतो, असं मालविका म्हणाली. आणखी सहा महिने धरा, शिकवण्या सुरू झाल्या की जुन्या मुलांना, त्यांच्या आयांना निरोप जातील. तिचं बरोबर होतं. आधीचे एकेचाळीस दिवस मी शून्यात घालवले नसते तर त्यातले काही हाताशी असते. हा हिशेब मी पुष्कळदा मांडला आहे. कावेरीबाई तोवर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघून गेल्या होत्या. जाताना आपलं अंगुस्तान, शिवताना बोटात घालायचं टोपण, ते महादेवीबाईंच्या पेटीत ठेवून गेल्या.

पाडव्यानंतर दोन दिवसांनी शंकरप्पा छोटा टेम्पो घेऊन आले. मास्क लावून खाली रस्त्यावरच उभे राहिले. "वहिनी, मी जबरदस्ती करायला न्हाई आलो. तुम्ही शबुद दिला होता."

"हाव. सामान बांधलंय," त्या म्हणाल्या.

आता जे सांगायचं ते सांगतो. माझ्या वरच्या दोन खोल्या मार्चपासून रिकाम्या होत्या. बायको जाऊन सात वर्षं झालेली. मला एवढंच म्हणायचं होतं की बाई, गाळा सोडा, वर राहा, तिथं शिवा, जूनपर्यंत बघू. ते वाक्य मी आठ दिवस मनात तयार केलं होतं. गल्ली काय म्हणेल, शंकरप्पा काय म्हणतील, त्या स्वतःच काय समजतील, असं करत मी जिन्याच्या पायरीवर उभा राहिलो. टेम्पोत ट्रंक गेली, पेटी गेली, नागपूरहून परत आलेली वाकळ दोरीने बांधून गेली. मी म्हणालो, "दोरी जरा घट्ट बांधा, वाऱ्याने सुटेल." शंकरप्पांनी बांधली.

गाव फार लांब नाही. दीड तास. मी गेलो नाही.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, तेव्हा शंकरप्पांचा फोन आला. महादेवीबाई लातूरच्या दवाखान्यात चार दिवस होत्या, म्हणाले. माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर. कुणाला आत सोडत नव्हते म्हणून कळवलं नाही, म्हणाले. "गावात सगळे हळहळले. भूकंपातून वाचली आणि यात गेली म्हणाले."

फोन ठेवल्यावर मी त्यांच्याशी झालेलं शेवटचं बोलणं आठवत बसलो. ते फेब्रुवारीत झालं होतं, फोनवर, दुपारी. त्यांनीच केला होता.

"अप्पा, ते मालविकाताईंनी केलेलं दुकान उघडं हाय का अजून?"

"आहे की. वर्षभराचं भाडं भरलंय तिने."

"कुणी आलं का?"

"नाही अजून. पण जूनमध्ये शिकवण्या सुरू होतील म्हणतात. मुलं परत येतील."

"तवाचं तवा बघू."

"तुमचं बरं आहे ना तिकडे?"

"बरं हाय. थांबा, दूध वर यायलंय. ठेवू का?"

"ठेवा, ठेवा," मी म्हणालो.